प्रेसमध्ये

नाशिकरोडला "पोरगी प्रेसमध्ये आहे" असं म्हटलं
की लोक नोटांचंच प्रेस धरतात.
क्वार्टर, पेन्शन, दिवाळीचा बोनस,
पाठोपाठ एखादं स्थळ.
लोंढे काकूंनी तर पेढे मागितले.
म्हटलं, काकू, ते नाही, दुसरं.
वर्तमानपत्राचं. त्यातही अजून शिकतेय.
"असं होय," म्हणाल्या,
आणि पेढ्यांचा विषय मिटला.

खरे प्रेसवाले पप्पा.
एकतीस वर्षं छापील कागद उजेडात धरले:
शाई फुटली का, रेघ सरकली का,
आकडा दुबार पडला का.
सुटताना गेटवर झडती.
घरी यायचे तेव्हा खिशात काही नसायचं,
तोंडातही नसायचं.
आज काय झालं, पप्पा?
"काही नाही."
एकतीस वर्षं आमच्या घरात एवढीच बातमी.

माझा वर्ग संध्याकाळी सहाचा.
जेलरोडहून बस, द्वारकेला अर्धा तास अडकायचं,
मग कॉलेज रोड, तिसरा मजला,
जिथं बागूल सर फळ्यावर सहा ककार लिहितात
आणि "का"भोवती गोल काढून म्हणतात,
जागा कमी पडली की पहिला हा कापला जातो.
संज्ञापनाची प्रारूपं पाठ आहेत.
प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक,
मध्ये गोंगाट.
परीक्षेत बाण काढायचे असतात.
दिंडोरीचा हर्षद गोंगाटाच्या चौकटीत
द्वारका सर्कल काढतो, रिक्षांसकट.

दुसऱ्या सत्रात माझी बातमी छापून आली.
पान पाच, बारा ओळी,
वर नाव नाही, नुसतं "प्रतिनिधी".
तो प्रतिनिधी मी.
सिन्नर फाट्यामागच्या गल्लीत अकरा दिवस पाणी नाही,
ठकूबाई धात्रक, वय सत्तर, यांचं म्हणणं,
आणि शेवटी साहेबांचं:
पाणीपुरवठा सुरळीत करण्यात आला आहे.

पप्पांनी पेपर खिडकीशी नेला.
सवयीनं उजेडात धरला,
जणू आत कुठं तार असेल.
मग नखानं दाखवलं.
ठकूबाईची झाली होती ठकबाई.
एक उकार गळाला होता.
"आमच्याकडं असा कागद निघाला
तर मोजायचा, नोंदवायचा, नष्ट करायचा.
गेटबाहेर जायचा नाही.
तुमचा हा आता कुठं कुठं गेला असेल?"
वडापावच्या गाडीवर, म्हटलं.
ते हसले नाहीत.
पण सलग एवढं बोललेले
मला आठवत नाहीत.

सर म्हणाले, शुद्धिपत्र दोन ओळींचं दे,
आधी त्या बाईंची माफी माग.
गेले.
कात्रण भिंतीला होतं, भाताच्या शितानं चिकटवलेलं.
"मला कुठं वाचता येतं? नातू वाचतो आन् हसतो.
ठक म्हन, ठकू म्हन.
पन पानी आलं आसं कुनी लिवलं?"
साहेब म्हणाले.
"साहेब ऱ्हातो कुठं?"
गंगापूर रोडला.
"मंग त्याच्याकडं आलं आसंल."

कोण, काय, कुठे, कधी, सगळं विचारलं होतं.
नळ सोडून सगळ्यांना विचारलं होतं.

त्या रात्री तिथंच थांबले,
हंड्यांच्या रांगेत माझ्या बाटलीचा नंबर लावून.
ठकूबाईंनी चहा दिला, विकतच्या जारच्या पाण्याचा,
आणि साखर कमी आहे म्हणून
दोनदा सांगितलं.
पप्पांचा फोन आला: काय चाललंय?
"काही नाही" ओठांवर आलं होतं.
ते गिळलं आणि सांगत सुटले,
गल्ली, जार, साहेब, उकार, सगळं.
पलीकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

वहीत त्या रात्रीच्या नोंदी आहेत.
एक पंचवीस. काही नाही.
दोन दहा. कुत्रं, हंडा पाडून गेलं.
तीन चाळीस. नळ घुरघुरला,
बायका पदर खोचत उठल्या.
हवा.