सोळा आणि पंचवीस

कांजिण्या निघाल्या, शाळा बुडाली,
आणि जन्मात पहिल्यांदा मी
सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खा रेडिओ ऐकला.

दत्त नगरातली आमची खोली,
भिंतीपलीकडे बोद्दुलांचे चार माग. टॉवेलाचे.
दिवसभर खडक् खडक्.
सेल मलूल झाले की अम्मा ते पत्र्यावर ठेवायची;
सोलापूरचं ऊन मेलेल्या सेललासुद्धा
दोन दिवस बोलतं करायचं.

सकाळी कुणीतरी अहिरभैरव गात होतं.
सूर मागांच्या फटीतून यायचा,
जत्रेत हात धरलेल्या पोरासारखा
मध्येच सुटायचा,
पाळण्यांच्या पलीकडे पुन्हा सापडायचा.
अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली.
रात्री भिजवलेलं पान गोणपाटातून काढायचं,
पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची,
चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी,
नखानं तोंड दुमडून दोऱ्याचे वेढे.
पंचवीसचा एक कट्टा. हजाराला चाळीस.
तिला तेवढंच गणित यायचं,
पण ते झोपेतही चुकायचं नाही.

अकराला शालेय कार्यक्रम.
'विद्यार्थी मित्रांनो, आजचा विषय, पान.'
माझ्याच इयत्तेचा धडा, बाई वेगळ्या.
आमच्या बाई खडू फेकायच्या,
या समोर पाण्याचा पेला ठेवल्यासारख्या बोलायच्या.
पानाच्या पाठीला, त्या म्हणाल्या,
हजारो बारीक तोंडं असतात.
उघडतात, मिटतात.
त्यातून पान श्वास घेतं.

अम्माची कात्री थांबली.
मराठी ती या खोक्याकडूनच शिकली होती,
म्हणून 'हवामान', 'श्रोतेहो', 'भगिनी' असलं
एकदम शुद्ध बोलायची,
भाजीवाल्याशी मात्र तेलुगूत भांडायची.
'पर्णरंध्र' तिला नवीन होतं.
'आकु?' तिनं विचारलं.
मी मान हलवली. आकु. पान.
हातातलं पान तिनं खिडकीकडे धरलं,
पाठ बघितली, पोट बघितलं.
'हे पण घेत होतं?'
होतं. झाडावर असताना.
ती काही बोलली नाही.
फर्मा ठेवला, कात्री फिरवली.
कडेच्या चिंध्या त्या दिवशी चुलीत नाही टाकल्या.
दुसऱ्या दिवशी टाकल्या.

मग ज्वारीवरची खोडमाशी.
आम्हाला ना शेत ना माशी, तरी ऐकली.
मी कडुनिंबाच्या डहाळीनं पाठ घासत होते.

साडेचारला वीज गेली.
चारही माग एका दमात थांबले,
खोली घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी झाली
आणि सेलवरचा मुलतानी
एकटाच उरला.
गाण्याच्या मागे तंबोरा असतो
हे मला तेव्हा कळलं.
इतकी वर्षं तो वाजतच असणार;
आम्ही टॉवेल ऐकत होतो.
नरसय्या बोद्दुल दारात येऊन उभा राहिला,
भुवयांत कापसाची पिंज.
विडी मागायला आला असेल. मागितली नाही.
तबला तीनतालात शिरला
आणि त्याच्यामागोमाग अम्माची बोटं,
तिच्या नकळत.
तासाभरानं वीज आली, माग आले,
मुलतानी बुडाला.
नरसय्या 'हां' म्हणाला, गेला.

रात्रीची संगीत सभा मला आठवत नाही.
ताप चढला होता. सतारीला खाज सुटलीय
असं काहीतरी मी बडबडले म्हणे.

सकाळी कारखान्यात चेकरनं कट्टे सोडून मोजले.
तीन कट्ट्यांत सोळा-सोळाच.
'काय भूदेवी, डुलकी लागली होती काय?'
सत्तावीस विड्यांचे पैसे कापले.
एरवी एका छाटीसाठी पेठ डोक्यावर घेणारी,
गुमान पदर खोचून निघाली.

घरी येऊन आधी सेल पत्र्यावर ठेवले.
मग मला म्हणाली,
'उद्या वीज किती वाजता जाणार,
ते सांगतात का गं रेडिओवर?'