कुर्डुवाडीच्या पुढे

कुर्डुवाडी सुटली
आणि नागमणीची मराठी बदलली.
वीस वर्षं बँकेत शेजारच्या काउंटरवरून
"कृपया स्लिप नीट भरा" म्हणणारी ही बाई
चहावाल्या पोराला म्हणाली,
"का बे, चहा हाय का नुसतं गरम पाणी?"
पोरगा हसला. चार कपांवर
पाचवा तसाच ठेवून गेला.

चौघी आम्ही. शनिवार-रविवार.
शैलजाचे गुडघे, माझी साखर,
मुमताजची छत्री, तीही उन्हासाठी,
कारण मार्चातच इथलं ऊन
पत्र्यावर घरमालकासारखं बसलेलं असतं
आणि आगाऊ भाडं मागतं.

भुईकोट पाहिला.
म्हणजे बुरुजाच्या सावलीत बसून
कॉलेजची तीन पोरं
एका वडापावात कशी भागवतात ते पाहिलं.
सिद्धेश्वराच्या तळ्यात मुमताजने चुरमुरे टाकले,
पाणी उकळावं तसे मासे वर आले.
"यांचं बरंय," शैलजा म्हणाली,
"जेवायला कुठे जायचं, हा वाद नाही."

आमचा होता.
नागमणीला न्यायचं होतं ती खानावळ
मोबाईलच्या कव्हरांचं दुकान झाली होती.
ती तरीही आत गेली
आणि दुकानदाराला विचारलं,
"मागची मोरी हाय का अजून?"
होती. तेवढ्यावर खूश.

मग दुसरीकडे कडक भाकरी,
मोडली की शेजारच्या टेबलाला कळावं अशी,
उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, दही,
आणि "तिखट नाही हां ताई" म्हणणारा मालक.
त्याच्या त्या एका वाक्यावर
आम्ही दोन जग पाणी संपवलं.
रात्री विजापूर वेशीत शीक.
नागमणीचा शनिवार,
ती आमच्या ताटांत लिंबू पिळत बसली.
शैलजाने नुसता कांदा खाल्ला
आणि म्हणाली,
वास छान आहे, घरी कोणाला सांगू नका.

रविवारी चादरी.
दुकानं मागे टाकून नागमणी पूर्व भागात शिरली.
गल्ली, गल्लीतून गल्ली,
दारात विड्या वळणाऱ्या बायका,
मांडीवर सूप, बोलणं आपल्याशी,
बोटं आपली आपण चाललेली.
भिंतींच्या आतून तो आवाज,
खटक फटाक, खटक फटाक,
अख्खी गल्ली दात खात होती.

आत तीन माग, एका चादरीवर मोर उमटत होता,
पिसारा अजून यायचा होता.
एक धागा तुटला. माग अडला.
म्हातारा वळेपर्यंत नागमणीने हात घातला,
बोटांनी काहीतरी केलं,
गाठ बसली.
वीस वर्षं याच बोटांना आम्ही
नोटा मोजताना पाहिलं होतं.

म्हाताऱ्याने बाकीचे दोन्ही माग बंद केले.
इतकी शांतता,
की मुमताजने छत्री मिटल्याचं ऐकू आलं.
"एवरि बिड्ड?"
तिने बापाचं नाव सांगितलं.
मग तो बोलत राहिला. बराच वेळ.
एकदा कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे हात केला,
एकदा स्वतःच्या कानाकडे.
ती मान हलवत होती,
हो म्हणून की नाही म्हणून, कळेना.

बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाले गं?
"काही नाही. चहा घ्या म्हणाले."
चहा काही आला नव्हता.

परतीच्या गाडीत भाकऱ्यांचा चुरा,
चटणीचं तेल पिशवीतून झिरपून
माझ्या मोराचा एक डोळा लाल.
नागमणी पिशव्या मोजत होती, ओठांतल्या ओठांत,
ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु,
मग पुन्हा पहिल्यापासून.

कुर्डुवाडी आली.
आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
टीसीने तिकिटं मागितली.
"दाखवते की," ती म्हणाली,
"पळून चाललोय का बे?"