दोन फूट नऊ इंच

कागदावर मी आधीच काढून नेला होता बलकांव:
आठ बाय पाच, चार गोल खांब, तीन पायऱ्या,
वर उतरती मंगळुरी कौलं.
एर्मेलिंदाबाईंनी चष्मा न लावताच त्याची घडी घातली
आणि भाजीच्या सुरीखाली ठेवली.
म्हणाल्या, आधी बसून बघूया.

जुना बलकांव रस्त्यात गेला, रस्ता रुंद झाला तेव्हा.
आता दाराबाहेर नुसती माती
आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, समोरासमोर.
असोळण्याचं साडेदहाचं ऊन.
त्या अजून नसलेल्या छपराखाली
पाय लांब करून बसल्या.

चिऱ्याच्या बाकाला त्या सोपो म्हणतात.
उंची किती ठेवू? पुस्तकात अठरा इंच आहे.
थांब, शेवंता येऊ दे.
शेवंता आली, डोक्यावर तारल्यांची पाटी.
कुणी हात न लावता ती जिथवर उतरवता आली
तिथे भिंतीवर कोळशाची रेघ.
एकवीस. मी लिहून घेतलं.

रुंदी मात्र नवऱ्याची.
दुपारी कुशीवर झोपायचा,
कूस बदलली तरी पडू नये, एवढी.
हे सांगताना त्यांनी हवेत हात फिरवला
त्याला मी टेप लावली नाही.
वीस? मी विचारलं.
जरा जास्त. जाड होता तो.

स्विंडनहून मुलाचा फोन:
ममा, ग्रिल घाल, सरकती काच घाल, कॅमेरा घाल.
त्याच्या मागे कुठल्याशा बसचं दार मिटत होतं.
बाईंनी पदेराकडून सहा उंडे मोजून घेतले,
मग सावकाश म्हणाल्या,
पुता, पिंजऱ्यात बसले
तर लोक मला केळी आणून देतील.

राहिलं ते मधलं अंतर.
सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.
मला समोर बसवून म्हणाल्या, भांड.
कशावरून?
कुंपणावरून भांड. फणसावरून भांड.
मी भांडले. बोट त्यांच्या नाकाला लागलं.
मागे सर.
आता सांग, कोण गेलं. हळू सांग.
मी सांगितलं: मावशी, मार्चमध्ये, झोपेतच.
ऐकू नाही आलं. पुढे ये.
अशी खुर्ची मागेपुढे करता करता
गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत
दोन फूट नऊ इंच.

कुंपणापलीकडे सांतान नारळ सोलत होता.
अकरा वर्षांत त्याने इकडे पाहिलेलं नाही,
असं त्याच सांगतात.
डाव्या सोप्याच्या टोकाला बाईंनी एक खाच मागितली,
काठी टेकवायला.
बाईंकडे काठी नाही.
पुतू मेस्ताने कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि काही न विचारता
पेन्सिल कानामागे खोचली.

पंचायतीच्या अर्जात 'वापर' असा रकाना असतो.
मी लिहिलं, प्रवेश.
त्यांनी खोडून लिहिलं, बसणे.
सेक्रेटरी हसेल, म्हटलं.
हसू दे. येऊन बसेल तोही.

फोंड्याला, तिसऱ्या मजल्यावर, रात्री
मी टेप घेऊन आमच्या गॅलरीत गेले.
वॉशिंग मशीन, रंगाच्या डब्यातली तुळस,
ग्रिलला अडकवलेलं फडकं.
नवऱ्याला म्हटलं, जरा समोर बस.
तो स्टूल घेऊन आला. का, ते विचारलं नाही.
एक फूट दोन.
गुडघे गुडघ्यांत अडकले.
भांडायला विषय होता,
पण हात हलवायला जागा नव्हती.
तो म्हणाला, मशीन सरकवूया का थोडं?
सरकवलं.
वीतभर.
पुढे पाइप पुरेना.