पेटंना झालंय

फोनवर मगदूम शेठ एवढंच म्हणाले, "पेटंना झालंय."
ओल्या सरपणाबद्दल बोलावं तसं.

सांगली मार्केट यार्ड, हळदीची गल्ली, गाळा एकशे बारा.
आत शिरले तर आधी घशात ती कडवट पिवळी हवा,
मग शेठ, मग शेठची नजर माझ्या खांद्यावरून मागे:
कोणी बाप्या माणूस येतोय का, बघणारी.
"मीच आहे," म्हटलं. "शिकलगारांची. गणपती पेठेत
आजोबा सुऱ्यांना धार लावायचे.
माझ्याकडे फक्त स्क्रूड्रायव्हर."

आधी भिंतीतलं बटण. मग बोर्ड.
मग केबल उपटून पुन्हा ठोसली.
निम्मे रोग इथंच बरे होतात,
आणि मग पैसे देताना लोक कुरकुरतात.
हा बरा झाला नाही.
टेस्टर सॉकेटात लाल झाला, डबा मात्र गप्प,
ना पंखा, ना दिवा, ना ती चिमुकली शिट्टी.

कुशीवर निजवला.
झाकणाचा एक स्क्रू अर्धाच आवळलेला होता.
मी असं कधी सोडत नाही.
उघडलं, आणि बघतच राहिले:
चार हंगामांची हळद
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटीत, वायरींच्या काखेत,
जणू कुणी त्याला बोहल्यासाठी माखून
उठवायचंच विसरलं.
सगळं पिवळं. एका कोपऱ्यात तेवढ्या दोन पिना लख्ख.
तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

दारात नेऊन ब्लोअर मारला.
ढग सरळ हमालांच्या चहावर.
"ताई, दुधात घालू का?" एक जण हसला.

तोवर कोपऱ्यात माणसांची रीघ.
कॉम्प्युटर बंद म्हणून लाल खतावणी बाहेर आलेली,
आणि खतावणीमागं पायगोंडा दिवाणजी.
"दिवाणजी, माझी किती पोती?"
"सत्तावीस. एक वलं हुतं, बाजूला काढलंय."
मान वर न करता.
दोन वर्षं येतेय मी इथं,
या माणसाला कुणी काही विचारताना पहिल्यांदा ऐकलं.

सप्लायची चोवीस पिनांची जाड वेणी सोडवली,
पेपरक्लिप वाकवून हिरवी वायर काळीला भेटवली.
हा क्षण मला आवडतो.
भुर्रर्र. पंखा फिरला.
म्हणजे वीज आहे दारात उभी,
तिला कुणी "आत ये" म्हणत नाहीये.
निरोप्या वाटेत कुठंतरी अडलाय.

तो सापडला तळाशी.
पुढच्या बटणाकडून येणारी बारीक जोडवायर
त्या दोन लख्ख पिनांवरून निघालेली.
तुटलेली नाही. उंदरानं खाल्लेली नाही.
हळूच काढून, टोक आत दुमडून,
चष्म्याची काडी मिटतात तशी ठेवलेली.

मी वर पाहिलं.
लेखणी थांबली होती.
रीघ "बोला की, दिवाणजी" म्हणत होती.

"काय झालतं?" शेठ.
"धूळ," म्हटलं.
खोटं नव्हतं, पाटीभर निघाली होती.

वायर बसवली. बटण दाबलं. पेटला.
आतला सेल संपलेला, त्यामुळं पडद्यावर
एक जानेवारी दोन हजार नऊ.
दिवाणजी उठून आले, चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावून वाचलं.
"या साली मला बिनचष्म्याचं दिसायचं," म्हणाले.
सेल साठ रुपयांचा. शेठ म्हणाले, घाल.
"ऱ्हाऊ दे की आजचा दिवस," दिवाणजी म्हणाले,
शेठना नाही, मला.

बिल त्यांनीच खतावणीत चढवलं:
साफसफाई, साडेतीनशे.
'शिकलगार' मधला ल असा वळवला
की घरी नेऊन अब्बांना दाखवावासा वाटला.

मी झाकण लावलं. तीन स्क्रू घट्ट.
चौथा
अर्धाच.