दोन मागचा आवाज

रात्री दोनला खणभाग झोपला
की माझं काम सुरू.
लोखंडी गज रस्त्यावर टेकवायचा,
दुसरं टोक कानामागच्या हाडाला.
खाली पाणी बोलत असतं.
वाहत्या नळाचं निराळं, गटारीचं निराळं,
आणि गळतीचं म्हणजे
दात आवळून कुणी सारखं ‘स्स’ करावं तसं.
एकवीस वर्षं महापालिकेनं मला
त्या ‘स्स’चा पगार दिला.

म्हणून मिरजेच्या मुलाणी मॅडमनी बोलावलं.
“चौगुले, कान नाही तपासायचे.
कानाच्या पलीकडं, मेंदूत काय होतं ते बघायचंय.”
ऊस गव्हाणीत जातो
तसा मी पाय बाहेर ठेवून मशीनमध्ये गेलो.
डोक्याभोवती ठकठक, घर्रर्र,
हातात बटण, कानात बारीक सूर.

आधी म्हणाल्या, जोडीतला दुसरा सूर चढला की दाबा.
ते सोपं.
मग म्हणाल्या, आत्ताचा सूर
दोन सुरांमागं आला होता तोच असेल तर दाबा.
यात घाम फुटला.
एक धरावा तर दुसरा निसटे,
दुसरा धरावा तर तिसरा दारात उभा.
शेवटी म्हणाल्या, आता सूर वाजू देत,
तुम्ही पडद्यावरचे ठिपके मोजा.

सूर तिन्ही वेळा तेच होते.
त्यांनी यादी दाखवली, एकही कमी-जास्त नाही.

आणि कॉम्प्युटरवर माझ्या डोक्याची तीन चित्रं,
जशी एकाच गावाची तीन वेगळ्या रात्री काढलेली.
पहिल्यात कानाच्या वरची एक गल्ली नारिंगी.
दुसऱ्यात दिवे मागं सरकलेले, वरच्या अंगाला.
तिसऱ्यात मिणमिणतं सगळं,
पण पूर्ण अंधार नाही.
“आवाज आत येतोच,” मॅडम म्हणाल्या,
“त्याचं काय करायला सांगितलंय, त्यावर पुढचं.”

मी म्हटलं, कळलं. व्हॉल्व्ह.
माळबंगल्यावरनं पाणी तेवढंच सुटतं,
कुठल्या गल्लीला चढवायचं ते चावीवाला ठरवतो.
त्या हसल्या.
“तसंच नाही अगदी. आणि इथला चावीवाला
नेमका कुठं बसतो, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही.”

घरी आलो. पद्मा भाकरी थापत होती.
गॅसवाला आला नाही,
धाकटीचा फोन होता कुपवाडातनं,
डाव्या हाताला मुंग्या येतात दोन दिवस,
शेंगदाणे खवट निघाले, परत देऊन या.
मी म्हटलं, हं.
हे ‘हं’ माझं एकवीस वर्षांचं आहे,
पगाराइतकंच जुनं.

भाकरी उलटता उलटता ती थांबली.
“काय म्हटलं मी?”
शेंगदाणे, मी म्हणालो.
“त्याच्या आधी?”

तवा तापलेला. बाहेर कुणाची तरी मोटार चालू.
मी खाली बघत राहिलो, फरशीवर,
जणू तिथं ठिपके होते.
इतकी वर्षं तिचं बोलणं वाजत होतं,
सूर तेच, रोजचे,
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं काय करायचं त्याचं.
कुणी सांगायला पाहिजे होतं का?

“हात,” मी म्हणालो. “डावा.”

ती काही बोलली नाही.
पीठ लागलेला पंजा
तिनं दोनदा उघडला, दोनदा मिटला.
उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ, मी म्हटलं.
उद्या कशाला, आत्ताच चल.
गॅस मी बंद केला.

रिक्षात ती काहीबाही सांगत होती,
पुलापर्यंत, पुलाच्या पलीकडं,
आणि माझा अंगठा
मांडीवर आपोआप दाबला जात होता,
कधी बरोबर, कधी उशिरा.