भरायचं बोर

तीस वर्षं बोरच्या गाडीवर होतो.
गावोगाव नारळ फोडायचा अन् भोक पाडायचं.
चाळीस फुटांवर मुरूम, पुढं काळा पाषाण,
त्याच्याही पुढं नुसती धूळ.
पाणी लागलं तर गुलाल. नाही लागलं तरी फुटाचा भाव तोच.

हे बोर वेगळं आहे.
यातून काढायचं काही नाही. यात भरायचं आहे.
सिमेंटच्या धुराड्यातून धरून आणलेला वायू
पाण्यात मुरवतात, आणि चिखलडोहच्या गायरानाखाली
चारशे मीटरवर पाषाणाच्या हवाली करतात.
मी रात्रीचा राखणदार.
एक वही, एक टॉर्च,
आणि ज्याला वास नाही त्याचा वास घेणारं
पिवळं यंत्र कमरेला.

ग्रामसभेत पिदुरकर मॅडमनी
वणीच्या बाजारातून गोटीसोडा आणला होता.
अंगठ्यानं गोटी दाबली. फस्स. पोरं हसली.
"हाच तो. बाटलीत आहे तोवर गरीब."
मागून शेवंताबाई खिरटकर उठल्या, पदर खोचला,
"अन् धरतीले ढेकर आला तं, बाई?"
मॅडम थांबल्या. बाटली हातातच.
"म्हणून तर काका रात्री बसतात तिथं."
अख्ख्या सभेनं वळून माझ्याकडं पाहिलं.
तेव्हापासून दिवसाही झोप लागत नाही.

सगळा इथं मुरत नाही.
उरलेला टँकरनं गुजरातेत जातो, तेलाच्या म्हाताऱ्या विहिरींवर.
मन्सूर नेतो. निघण्याआधी माझ्याकडं चहा घेतो.
सांगत होता, हा खाली रेटला की
खडकाला चिकटून बसलेलं तेल सुटतं, वर येतं.
"मंग त्या तेलाचं काय करतेत?"
"जाळतेत. अजून काय करन?"
"म्हणजे एकाले पुराचं, अन् त्याच्याच भावाले उकरून काढाचं."
मन्सूर हसला. मग थांबला.
कपातली साय बोटानं काढून टाकली.
"भाडं तं भेटते, भाऊ."

माझी माय राजूरच्या चुनाभट्टीवर होती.
एक थर दगड, एक थर कोळसा, एक थर दगड.
भट्टी निवली की तोच दगड निम्म्या वजनाचा निघायचा,
पांढराफेक, पाण्याला चिडणारा.
बाकीचं वजन कुठं गेलं गं, मी विचारायचो.
तिचे दोन्ही हात टोपलीला. ती हनुवटीनं वर दाखवायची.
वर काहीच नसायचं. एखादी घार.

मॅडम म्हणतात, खाली उलटं होतं.
वायू पाषाणात शिरतो, दोनेक वर्षांत पांढरा दगड होऊन बसतो.
ऐकलं त्या रात्री नोंद चुकली, दोनदा खोडली.
मायनं सोडलेलाच परत आला असं कसं म्हणू?
तिचा कुणी आकडा ठेवला नव्हता.
मी तासातासाला ठेवतो.

काल शेडमध्ये नव्या बोराची पेटी उघडी होती.
गोल कापलेला पाषाण, मनगटाएवढा जाड,
त्याच्या भोकाभोकांत पांढरं भरलेलं,
जुन्या भिंतीच्या खाचेत माय चुना भरायची तसं.
डब्यात लिंबाची फोड होती.
का पिळली, सांगता येत नाही.
कान लावला.
बारीक सुरसुर,
उन्हाळ्यात माठ पाझरतो त्याहूनही हळू.

घाबरून शर्टाच्या टोकानं पुसून काढलं.
यंत्र चूप होतं. पेटी लावली, कडी घातली.

चिमूटभर सुटला असेल.
वहीत लिहिलं नाही.