कसर

बुधवारी आणि रविवारी, जुन्या बाजारात,
गंजके पाने-पक्कड विकणारा इक्बाल
आणि एकेकटे बूट विकणारी शेवंताबाई यांच्या मधे
माझी सतरंजी. चार बाय तीन.
वर फुटबॉलच्या सामन्यांचे जुने प्रोग्रॅम.
लोक वाकून विचारतात, "पत्रिका का? कुणाच्या लग्नाच्या?"
सांगितलं की म्हणतात,
"फुटबॉल? आपल्याकडे होतं?"

होतं.
खडकीला होतं, रास्ता पेठेत होतं,
कॅम्पात तर फायनलच्या दिवशी
निम्म्या कारकुनांची आजी वारायची.
दहा पैशांची पुस्तिका, मधोमध एक टाचणी,
आत समोरासमोर अकरा आणि अकरा,
मलपृष्ठावर सायकलचे टायर आणि खोकल्याचं औषध.
मी ती रद्दीवाल्याकडून किलोने घेतो, नगाने विकतो.
घरी याला धंदा म्हणतो.
घरी कुणी काही म्हणत नाही.

टाचणी गंजली तर वीस कमी.
घडी असेल तर दहा.
कसर लागली असेल
तर किती कसर काढायची ते गिऱ्हाईक ठरवतं.
आणि आत कुणी पेन्सिलीने लिहून ठेवलं असेल,
गोल, मिनिट, पाऊस आला, पंच आंधळा,
तर सरळ निम्मी किंमत.
हे मला कोलकात्याच्या एका संग्राहकाने पत्रातून शिकवलं.
कोरं ते सोनं, असा त्याचा अर्थ.
मग मी रात्री जेवणं उरकली की
ताटाच्या जागी वर्तमानपत्र अंथरून
खोडरबर घेऊन बसायला लागलो.
किती गोल पुसले, मोजले नाहीत.
रबराचा चुरा सकाळी बायको केरात लोटायची.

परवाच्या रविवारी एक म्हातारा आला.
छत्री काखेत, एका पायावर भार देऊन उभा.
गठ्ठा चाळला, एक काढला, उघडला.
"दारूगोळा कारखाना विरुद्ध घोरपडी यार्ड," मी म्हटलं,
"अडुसष्ट सालची फायनल. एकदम कोरा आहे, तीनशे."
त्याने कारखान्याच्या नावांवरून बोट फिरवलं.
नवाला थांबला. फ्रँक डिमेलो.
"ह्याला ताप होता," म्हणाला. "एकशेतीन.
मला दुपारी पाळीवरून उचलून नेला.
बूट पण त्याचेच. एक नंबर मोठे."
"तुमचं नाव?"
"आरोक्यस्वामी. छापलेलं नाय भेटणार.
पण लोक तिथल्या तिथे खोडून लिहायचे ना,
मैदानात ओरडून सांगायचे, मग बायका-पोरं पण लिहायची.
म्हणून बघत असतो. कोणी तरी लिहिलं असेल."

शेवंताबाई कुणाला तरी सांगत होती,
दुसरा पाय मिळेल, पुढच्या बुधवारी बघा.

मी त्याच्या हातून पुस्तिका घेतली.
माझं काम मला ओळखता येतं.
नवव्या ओळीवर कागद जरासा मऊ,
जरासा जास्तच पांढरा.
खोटं बोलायला तोंड उघडलं होतं.
नंतर तेच म्हटलं, जे होतं ते:
"होतं इथे. मी पुसलं. गेल्या आठवड्यात."

तो रागावला नाही. मला तेवढं तरी हवं होतं.
त्याने पान उन्हात तिरकं धरलं,
इक्बालच्या दुकानावरून येणाऱ्या उन्हात,
आणि पेन्सिलीने दाबलेली खाच वर आली.
डिमेलोवर आडवी रेघ. शेजारी, कुणा पोराच्या अक्षरात,
स्वामी.
आरोक्य लिहायला वेळ नसेल मिळाला.

"लिहिलेलं आहे म्हणजे निम्म्यात," तो म्हणाला.
"आणि खोडलंय, त्याचे अजून कमी."
शंभरला तुटलं.
पैसे देऊन तो गेला नाही.
समासातल्या खुणेवर नख टेकवून
पुन्हा पान वळवलं, पुन्हा, डोळे बारीक करून.
"मिनिट पण लिहिलंय त्याने. बघा तुम्ही, तुमचे डोळे चांगलेत.
एकाहत्तरावं होतं.
सात दिसतोय.
एक दिसतोय का?"